मामाची मांडी

"जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात," माझ्या तोंडून निसटलं. मला शिक्षा झाल्यापासून भाऊ एकदाही तुरुंगात भेटायला आला नव्हता.

पहाऱ्यावरच्या ठोंबरेबाईंनी ते ऐकलं. एरवी त्या मला नंबरानंच हाक मारायच्या. त्या ऑफिसातून कात्री घेऊन आल्या, टोपी काढून बराकीच्या ओट्यावर बसल्या आणि माझ्या लेकीला त्यांनी मांडीवर घेतलं.

"आज मामा मी."

मग त्यांनी कात्री माझ्यापुढे धरली. नवऱ्यावर सुरी चालवली म्हणून मी आत आले होते. तेव्हापासून माझ्या हातात कुणी साधं ब्लेडही दिलं नव्हतं. मी हात मागे घेतला.

लेकीचं डोकं नीट सांभाळून धरत ठोंबरेबाई म्हणाल्या, "काप, ताई."