चेसिसचा छाप

खरं सांगतो, हे लिहायचं नाही असंच मनात होतं. साईशला ओळखणारी माणसं पेडण्यात अजून आहेत. पण लिहितो.

कस्टमचे साहेब गॅरेजात व्हॅनच्या मागे उकिडवे बसले होते. मागच्या इंजिनाचं झाकण वर, एका हातात टॉर्च, मांडीवर गाडीमालक डीटरची वही. जर्मनीहून इराण, पाकिस्तान करत गाडी इथवर आली, त्या प्रत्येक नाक्याचा शिक्का त्या वहीत होता. वहीतली गाडी आणि समोरची गाडी एकच आहे, एवढंच साहेबांना बघायचं होतं. मग ते सही करणार आणि डीटर उद्या अटारीच्या वाटेला लागणार. त्याच्या पासपोर्टावरही ही गाडी चढवलेली होती. गाडी देशाबाहेर गेल्याशिवाय तोही जाऊ शकत नव्हता. पुढच्या महिन्यात तिकडे त्याच्या धाकट्या भावाचं लग्न. डिचोलीहून आणलेल्या दोन पितळी समया गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवल्या होत्या.

"चेसिस नंबर कुठाय?" साहेब म्हणाले.

"थंय," डीटरनं बोट दाखवलं. बॅटरीच्या बाजूचा पत्रा. नवाकोरा निळा, चकचकीत.

"पुढे पट्टी आहे साहेब, नंबराची," गॅरेजवाला दत्ताराम म्हणाला.

"पट्टी कोणीही ठोकतो. मला पत्र्यात कोरलेला पाहिजे." साहेबांनी कागद आणि पेन्सिल काढून साईशच्या हातात दिली. "तू पेंटर ना? घे, छाप काढ. रंगाखाली असेल तर उठेल."

साईशनं असे शेकड्यानं छाप काढले होते. कागद धरायचा, पेन्सिल आडवी घासायची, आकडे आपसूक उठतात. त्यानं कागद लावला. घासायला लागला. कागद काळा होत गेला. एक आकडा उठला नाही. तरी तो घासत राहिला. उठणार नाही हे त्या चौघांत फक्त त्याला आणि दत्तारामाला ठाऊक होतं.

मंगळवारी त्यानंच तिथे ग्राइंडर फिरवला होता. डीटरनं फक्त दाराचा डेंट काढायला सांगितला होता. पण दोस्ताची गाडी, एवढ्या लांब निघालेली, घरी लग्न. साईशनं आपल्याच मनानं, फुकट, सगळा गंज काढला. बॅटरीच्या ॲसिडनं तो पत्रा खाल्ला होता. गंजात काही आकडे दिसलेही होते. पण साईश जे काही शिकला ते आपल्याकडच्या गाड्यांवर, बघून बघून. त्यांचा नंबर इंजिनाशेजारच्या असल्या पत्र्यावर त्यानं कधी बघितला नव्हता. कंपनीचा काहीतरी शिक्का असेल म्हणून घासून वर पुट्टी भरली. त्या साली गोव्याच्या गाड्यांना नवे जीए नंबर आले होते. दिवसभर लोकांचे नंबर रंगवणारा माणूस तो.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"उठणा नाय, साहेब."

"म्हणजे कोणीतरी घासून काढलाय. चोरीची गाडी असणार."

डीटरला इथलं बोलणं अर्धंमुर्धं कळायचं. चोरी कळलं. तो साईशकडे वळला. "साईश, तू सांग. नंबर होता. तू बघला."

साईशनं तोंड उघडलं. तेवढ्यात दत्तारामाची चप्पल त्याच्या पायावर आली.

"साहेब, आमच्याकडे आली तेव्हाच अशी होती," दत्ताराम म्हणाला. "ह्या हिप्पी लोकांचा काय भरवसा?"

"रंग तू मारलास ना? तू बोल." साहेब साईशकडे बघत होते.

"माका खबर नाय."

किती सरळ आला आवाज. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

साहेबांनी व्हॅनच्या दारांना सुतळी बांधून लाखेचं सील मारलं. पासपोर्ट खिशात घातला. "सोमवारी पणजीला यायचं. तिघांनी. जबाब द्यायला." जीप गेली.

"आता गप रव," दत्ताराम म्हणाला. "केस झाली तर गॅरेज जाईत. त्याच्या आधी तू जाशीत." आणि मागच्या पिंपाकडे हात धुवायला गेला.

डीटर व्हॅनच्या सावलीत बसला. पिशवीतून उंडो पाव काढला, मोडून अर्धा साईशला दिला. रोज द्यायचा तसा.

"तू भियू नको," तो म्हणाला. "चूक माझी. नंबर रंगाखाली गेला. मी आधी तुला सांगायला पाहिजे होता." मग पत्र्यावरून हात फिरवून म्हणाला, "रंग बरो मारला."

शिव्या दिल्या असत्या तर साईशला परवडलं असतं.

"डीटर, नंबर मी घासलंय."

डीटरला कळलं नाही. "घासलंय?"

साईशनं पाव बाजूला ठेवला. पत्र्यापाशी वाकला. मूठ वळून ग्राइंडर धरल्यासारखी केली, तोंडानं घर्र केलं, आणि डावीकडून उजवीकडे मूठ फिरवत नेली, नंबराच्या लांबीएवढी. मग तसाच वाकून राहिला. वर बघवेना.

 मागे पिंपातलं पाणी वाजत होतं, ते थांबलं.

"साहेबाला तू खबर नाय म्हटला," डीटर हळू म्हणाला.

"होय."

"कित्याक?"

"भियालंय."

डीटरनं साईशनं ठेवलेला अर्धा उंडो उचलला. झटकला. कागदात बांधून आपल्या पिशवीत परत ठेवला.

"सोमारी मी सांगीन," साईश म्हणाला.

डीटरनं मान वळवली नाही. तेव्हा साईश उभा राहिला. पिंपापाशी दत्ताराम साबणाचे हात घेऊन ऐकत उभा होता. त्याच्याकडे बघतच साईश मोठ्यानं म्हणाला, "सोमारी पणजीक मी सांगीन, डीटर. नंबर मी घासलंय म्हणान."