रिकाम्या गिरणीचं चित्र

"ही जाळी मासं धरायला आणली काय ओ मॅडम?" संजयने विचारलं आणि त्याचा मेव्हणा गंगाधर खिदळला.

शेफालीने मान वर केली नाही. बारक्या माइकांनी भरलेली चौकट तिने किकवीच्या भातगिरणीसमोर चार हातांवर उभी केली.

"याने आवाजाचं चित्र निघतं. लहरी टिपायच्या, मग उलटं गणित करून आवाज नेमका कुठून निघाला ते शोधायचं. गिरणी ठीक असेल तर निळी दिसते. काही बिघडलेलं असेल तर तिथे लाल ठिपका."

संजयला हसू आवरेना. गिरणी घेणार कोण, तर दारात उभ्या म्हाताऱ्या अक्काबाईंचा भोंगवलीचा बचत गट. शेळ्या विकून आलेल्या बायका! आणि तपासणार कोण, तर ही कालची पोर. आज सही झाली की सुटलो.

"थोडं भात टाकता का आत?" शेफालीने विचारलं.

"भात कुठलं आता? संपलं की. रिकामी चालवून तुमच्या यंत्राला कळत न्हाई व्हय?"

"ठीक आहे. चालू असताना फक्त मध्ये येऊ नका."

गिरणी धडधडू लागली. शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. शेफाली लॅपटॉपवर वाकली. संजय मुद्दाम जाळीपुढच्या खांबाला टेकून उभा राहिला. आपल्याच गिरणीत कुठं उभं राहायचं, ते आता ही शिकवणार! तो गंगाधरच्या कानाला लागला. दोघं पोट धरून हसले.

गिरणी थांबली. पडद्यावर चित्र उमटलं. सगळी गिरणी निळीशार.

"म्हंजी चांगली हाय?" अक्काबाईंनी विचारलं.

"मशीनवर एकही ठिपका नाही."

"घ्या! करा सही," संजय म्हणाला. "उगा जत्रा भरवली दिवसभर."

"एक ठिपका आहे," शेफाली म्हणाली. "पण तो खांबापाशी."

"मग त्यो माझ्या गिरणीचा न्हाई!" संजय उसळला. "ह्या बायांना नीट सांगा तसं."

"नाहीच तो गिरणीचा. चित्रातल्या कुठल्याही जागेचा आवाज वेगळा काढता येतो. ऐकवू?"

"ऐकवा की! समद्यांना ऐकवा."

शेफालीने ठिपक्यावर बोट ठेवलं. स्पीकरमधून खरखरता, पण लख्ख ओळखू येणारा आवाज आला:

"भात टाकलं असतं तर शाफ्टाची चीर बोंबलली असती, गंगाधर. आता म्हातारीच्या गळ्यात पडली, की बोंबलू दे तिला."