गळकी टाकी

डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सिगारेट सोडायला बजावलं, तेव्हा इंग्लंडातल्या बर्नलीच्या सिरिलनं सिगारेटऐवजी विजेवर वाफ काढणारा व्हेप घेतला. तोही आपल्या हातानं तार वळून, कापूस भरून तयार करावा लागणारा. रोज सकाळी चष्मा नाकावर ओढून तो तारेचं वेटोळं करी, त्यातून कापूस ओवी, परसात कबुतरांना दाणे टाकून येई आणि मग व्हेपच्या टाकीत वाफेचा रस भरी. निम्मा रस गळून टेबलावर!

"कापूस कमी पडतोय म्हणून गळतंय, आजोबा," व्हेपच्या दुकानातली कर्स्टी हसायची. "कंजूसपणा सोडा की!"

"अगं, उशी भरावी तसा भरतोय!"

घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून. "मला नाही जमायचं हे, मेव्हिस."

"जमेल रे," बायको चहा पुढे सरकवायची. "हात बसत चाललाय तुझा."

आजही कापूस ओवून तो कबुतरांकडे गेला.



मेव्हिसनं खिडकीतून त्याची पाठ पाहिली, चिमूटभर कापूस अलगद काढून ॲप्रनच्या खिशात टाकला, आणि फडताळावरच्या सिगारेटच्या पाकिटावरची धूळ बघून गालात हसली. त्याचे हात तारेत गुंतल्यापासून ते फोडलंच गेलं नव्हतं.