एवढा एकच टेक

"ताई, परत ऐक ना," म्हणत पैलवानाने डबिंगच्या खोलीबाहेर वाटच अडवली आणि शपथ सुरू केली. "आ... आम्ही नियमाने खेळू. म... मनापासून खेळू. को... कोणाला पाडणार नाही."

"शाब्बास गं माझ्या पठ्ठे!" ताई म्हणाली. "आता आत गुपचूप बसायचं. एवढा एकच टेक उरकते, की सुटलोच आपण मैदानाकडे."

पैलवान हे धाकटीला ताईनेच ठेवलेलं नाव. पंचविशी उलटली तरी धाकटीला घड्याळ कळत नव्हतं, पण लोखंडी गोळा असा भिरकवायची की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. तिच्यासारख्या खेळाडूंच्या स्पर्धांचं आज उद्घाटन होतं आणि सगळ्यांच्या वतीने शपथ घ्यायचा मान तिला मिळाला होता. गोळ्याची तिला कसली आलीय भीती! भीती होती ती माइकची. बोलायला लागलं की लोक हसतात, हे तिला फार लवकर कळलं होतं, म्हणून घराबाहेर ती तोंडच उघडायची नाही. ताईने महिनाभर पुढ्यात बसवून, लाडीगोडी लावून, एकेक शब्द तिच्या जिभेवर बसवला होता.

दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट काचेच्या अलीकडे बसले होते. त्यांच्या मागच्या सोफ्यावर पैलवान नवा ट्रॅकसूट घालून, हात मांडीवर ठेवून बसली. एक अक्षर बोलली नाही, त्यामुळे त्या दोघांना काही वेगळं जाणवलंही नाही. ताई पलीकडे माइकपुढे उभी राहिली.

सिनेमा विनोदी होता. आणि विनोदी सिनेमात अशी एक खेळाडू लागतेच बघा, डोक्याने कमी, मनाने सोनं आणि आपटायला सदा तयार. पडद्यावरची नटी डोळे तिरळे करून गोळा फेकत होती. गोळा पडला पंचाच्या पायावर. पंच बिचारा एका पायावर नाचतोय आणि ही बया हात वर करून ओरडतेय, "मीच पहिली! मीच पहिली!" तेवढंच वाक्य ताईला म्हणायचं होतं. तिने म्हटलं.

"सपक," हेडफोनमध्ये दिग्दर्शकाचा आवाज आला. "अहो बाई, ही अर्धवट आहे. तुम्ही बातम्या दिल्यासारखं बोलताय."

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा सपक. मग तो चिडलाच. "जमत नसेल तर तसं सांगा. दुसरीला बोलावतो."

काम हातचं गेलं असतं आणि उद्घाटन काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. ताईने डोळे मिटले आणि तोंडातून जे येत होतं ते येऊ दिलं.

"मी... मी... मीच प... हिली!"

पहिल्याच अक्षराला अडखळणं, शब्दाच्या मध्येच आत ओढलेला श्वास, मग उरलेला शब्द एकदम घाईघाईने बाहेर. शेवटी नाकातून हसणं.

रेकॉर्डिस्टची हसून हसून मुरकुंडी वळली. दिग्दर्शकाने टेबलावर थाप मारली. "जिंकलंत बाई! कुठून आणलंत हे?"

पैलवानही हसत होती. सगळे हसतात म्हणून ती पण, आणि सगळ्यांत मोठ्याने. काचेतून ते पाहून ताईचा जीव भांड्यात पडला. कळलं नाही तिला. देवा, कळलं नाही.

"परत लाव रे," दिग्दर्शक म्हणाला. "मोठ्या स्पीकरवर लाव."

या वेळी पैलवान कान देऊन ऐकायला लागली. तिचे ओठ हलले. स्पीकरमधल्या आवाजाबरोबर तिने श्वास आत ओढला, अगदी त्याच जागी. तिचं हसू थांबलं. तिने स्पीकरकडे पाहिलं, मग पोट धरून हसणाऱ्या त्या दोघांकडे पाहिलं आणि मग काचेतून ताईकडे.

ताई हेडफोन टाकून धावतच बाहेर आली. "तो टेक काढून टाका. मी दुसरा देते, तुम्हाला हवा तसा देते."

"वेड लागलंय का? पब्लिक थिएटर डोक्यावर घेईल!"

"पाया पडते तुमच्या."

"झालं तुमचं काम, बाई. ठेवला तो," असं म्हणून दिग्दर्शकाने पुढचं दृश्य लावायला सांगितलं.

दोघी रस्त्यावर आल्या. ताईला स्वतःची इतकी लाज वाटत होती की धाकटीकडे बघवेना. शेवटी ताईच म्हणाली, "चुकलं गं माझं. ते हसणं तुला नव्हतं. त्या सिनेमातल्या बाईला होतं."

पैलवानाने मान डोलावली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चल, एकदा शपथ म्हण बघू," ताई उसनं अवसान आणून म्हणाली. "तिथे मग घाई होईल."

पैलवानाने ट्रॅकसूटची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "तू म्हण."

"अगं, मान तुझा आहे. नाव तुझं पुकारणार आहेत. मी कशी म्हणू?"

"तू म्हण ना ताई," पैलवान इतक्या हळू बोलली की ताईला वाकून ऐकावं लागलं. "प... पण तुझ्याच आवाजात म्हण. माझ्या नको."