निम्म्याचा निम्मा

किन्हवलीला सुट्टीवर आलेली पौर्णिमा जाड हातमोजे घालून स्टीलच्या झाकणावर पेजेचा एकेक थेंब सोडत बसायची. थेंब पसरला की पुसून पुन्हा सोडायची. सूर्य कसा जळतो हे शोधणाऱ्या प्रयोगासाठी तिला असाच किरणोत्सारी थेंब धातूच्या चकतीवर वाळवायचा होता. त्यातला पदार्थ सूर्यातही बनतो, नुसता ठेवला तरी दोन महिन्यांत निम्मा होतो, मग निम्म्याचा निम्मा. दुसरा थेंब मिळणार नव्हता. पसरला तर प्रयोग संपला. तांदूळ निवडत बसलेली तिची आई श्वास रोखून बघायची.

सुट्टी संपवून पौर्णिमा प्रयोगशाळेत परतली; खरा थेंब वाळवून झाला त्या दिवशी फोनवर आईने आधी विचारलं, “सांडला नाय ना गो?” “नाय, आई. जमला.” “मग फोटो धाड.” फोटोत नुसती चकचकीत चकती होती. दुसऱ्या दिवशी आईने ती मोठ्या तोऱ्यात अख्ख्या आळीला दाखवली.

शेजारची बायजा मोबाइलवर वाकली. “काय दिसत नाय गो यात.” “पसरला असता तर दिसला असता,” आई म्हणाली.

“सूर्याच्या पोटातलं सामान हाय त्या थेंबात,” आईनेच समजावलं.

“मग एवढ्याशात मावलं कसं?”

“मावलं नाय,” आई म्हणाली.

“पोरीने बसवलं.”