मागच्या रांगेतला हात

आप्पांनी मागच्या रांगेतून हात वर केला. "मॅडम, माझी समदी पत्रं एका फ्लॉपीत मावत्यात, खिशात घालून घरला नेतो. मग ती आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर कशाला ठेवायची? तार तुटली तर?"

पोरं हसली.

"नाही तुटत. हात खाली घ्या, काका," आम्रपाली तुटकपणे म्हणाली. कुपवाडच्या वर्कशॉपमधलं ग्रीस नखांत घेऊन सांगलीच्या या कॉम्प्युटर क्लासला येणारा माणूस आपला बाप आहे, हे तिनं वर्गात कधीच कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी ती क्लासवर आली आणि नेमकं त्याच दिवशी आतलं मशीन बंद पडलं. सगळ्यांचं काम त्यातच अडकलं. ती नुसतीच आत-बाहेर करत राहिली.

"तुमच्या वडलांचं खरं झालं, मॅडम," पोरांमधला जयराज हळूच म्हणाला.

ती थबकली. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच की. पहिल्याच दिवशी, आमा सगळ्यांना, लय कौतुकानं. वर म्हणाले, मी सांगितलं हे मॅडमना कळू देऊ नका."

ती मागच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विचारा, आप्पा."