वसतिगृहामागचा बांध

“बांध कोरलाय! परत कोरलाय!”

अनुजाचा आवाज वसतिगृहामागच्या बागेतून पार रस्त्यापर्यंत गेला, आणि नेमकी तेव्हाच कुलसचिवांची गाडी फाटकातून आत आली.

मल्लेश सर हातात वांगी घेऊन बागेतच थबकले. आज जागेचा निकाल लागायचा होता. हिरवीगार मेथी दाखवायची, ताजी वांगी हातात द्यायची, चार गोड शब्द बोलायचे, असा सगळा बेत त्यांनी आखला होता. आणि इथं रसायनशास्त्र विभाग आणि मराठी विभाग एकमेकांच्या उरावर बसायला निघालेले!

“कोण कोरतंय गं? आम्ही?” मराठीचा सयाजी बाह्या सरसावत पुढं आला. “वारणेकाठी रान हाय आमचं. तुझ्या वीतभर मातीवर जगतोय व्हय मी?”

“मग बांध सरकला कसा? पाय फुटलं त्याला?” रसायनशास्त्राची अनुजा काय ऐकते! चंदगडची पोरगी ती.

बाग ही सरांची हौस. सर संख्याशास्त्र शिकवायचे. घर गडहिंग्लजचं, आजोबांपासून कापडाचं दुकान. नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणूनच की काय, मातीचं भारी वेड. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी विद्यापीठाकडून ही पडीक जागा मागून घेतली. सगळ्यांनी मिळून पिकवायचं, सगळ्यांनी मिळून खायचं. अट एकच होती. दिवाळीनंतर जागा वापरात दिसली नाही, तर तिथं स्कूटरस्टँड होणार.

पहिल्या दिवशी ही गर्दी! टाळ्या काय, फोटो काय! पुढच्या आठवड्यात सर एकटेच कुदळ घेऊन उभे. पोरं लांबूनच नमस्कार करून सटकायची. त्यांचं तरी काय चुकलं? शेतातून सुटका व्हावी म्हणून तर आईबापांनी त्यांना कोल्हापूरला शिकायला धाडलेलं.

सर फार हिरमुसले. मग त्यांना दुकानातलं आठवलं. लहानपणी गल्ल्याशेजारी बसून त्यांनी गिऱ्हाइकांच्या तोंडून एकच विषय ऐकलेला. धोतरजोडी बघता बघता माणसं पिकाचं थोडं बोलायची आणि बांधाचं फार. बांध कोरला म्हणून सख्खा भाऊ पुतणीच्या लग्नाला जायचा नाही. सरांनी लगेच जागेचे विभागवार तुकडे पाडले, मधे माती लावून बांध घातले. आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे स्वतः खुरपं घेऊन गेले आणि वीतभर बांध कोरून आले.

औषध लागू पडलं. रसायनशास्त्रवाले राखणीला आले, म्हणून मराठीवाले आले. नुसतं उभं काय राहायचं म्हणून कुणी तण उपटलं. शेजाऱ्याचे दोडके जोरात दिसले म्हणून कुणी गावाकडून एस.टी.च्या टपावर टाकून शेणखताचं पोतं आणलं. सर अधूनमधून पहाटे जायचे. इथं थोडं कोरायचे, तिथं थोडं कोरायचे. कुणावर अन्याय नको म्हणून निघालेली माती दोन्ही वाफ्यांत सारखी वाटून टाकायचे. मग घरी येऊन हात धुऊन चहा प्यायचे, मनातल्या मनात खूश. पोरं भांडत होती आणि बाग फुलत होती, आणखी काय पाहिजे माणसाला?

पण आज, आणि तेही कुलसचिवांच्या देखत?

कुलसचिव गाडीतून उतरले. भांडण ऐकत उभे राहिले. चेहरा असा कडक, की सरांनी हातातली वांगी पाठीमागं लपवली.

“हे रोज चालतं?”

“रोज असं नाही साहेब, कधीतरी...”

“रोज चालतंय साहेब!” दोन्ही बाजूंनी एकदम ओरडा झाला.

संपलं, सर मनात म्हणाले. कुलसचिवांनी विजारीची टोकं जराशी वर ओढली आणि बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. तेही भुदरगडच्या एका शेतकऱ्याचेच चिरंजीव. परत आले ते हसतच.

“मल्लेश, पडीक रानासाठी कोण भांडत न्हाय. जागा चांगली कामाला लागलीय. स्कूटरचं दुसरीकडं बघू. आणि हे बघ, आमच्या कार्यालयाला बी एक तुकडा ठेव. कडेचा नको, मधला दे.”

गाडी गेली. सरांना इतका आनंद झाला, की वांगी साहेबांना द्यायची राहिली हेही ध्यानात आलं नाही. नाचायचंच तेवढं बाकी होतं. पण समोर अनुजा आणि सयाजी अजून तावातावानं उभे. आता या पोरांना उगाच कशाला झुंजवायचं, असं सरांना फार वाटलं.

“पोरांनो, मिटवा आता,” ते म्हणाले. “कोण कोरतं, कशाला कोरतं, जाऊ दे. यापुढं बांधाला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द.”

सयाजीनं अनुजाकडं बघितलं. अनुजानं सयाजीकडं. आणि दोघंही फिसकन हसले. मग सगळेच हसायला लागले. सयाजीनं तर पोट धरून बांधावरच बसकण मारली.

“सर, तुम्हीच कोरताय ते ठाऊक हाय की आम्हाला,” अनुजा म्हणाली. “पहिल्याच दिवशी कळलं. बांध कोरणारा माती आपल्या रानात ओढतोय. तुम्ही निम्मी ह्यांच्यात, निम्मी आमच्यात! असला चोर अख्ख्या चंदगडात घावायचा न्हाय.”

सरांचे कान लाल झाले. “मग... मग रोज एवढं भांडत का होता रे?”

“म्हंजे काय सर!” अनुजा म्हणाली. “तुम्ही आमच्यासाठी थंडीत उठून एवढा बांध कोरायचा, आणि आम्ही भांडायला बी नको व्हय?”